अम्मी पाण्यात उतरतात

अल कुसैस, दुबई
१७ नोव्हेंबर २०२४

हिबा बेटा,
अस्सलामु अलैकुम.

माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. नबिला कशी आहे ते तुला माहीतच आहे, मायलेकी रोज बोलता. अर्सलान बरा आहे. मीही बरी आहे, एक गुडघा सोडून.

तुमचा तलाक झाल्यापासून आपण दोघी बोललो नाही. भांडण तर काहीच नव्हतं. पण मुलाचं लग्न मोडल्यावर सुनेशी कोणत्या नात्याने बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुलाही नसेल. मग तू नोकरीसाठी माल्टाला गेलीस आणि ते राहूनच गेलं. फोन करावा तर घर एवढंसं, बाजूच्या खोलीत अर्सलान. म्हणून लिहिते. नबिला या कागदांचा फोटो काढून तुला पाठवेल. तिला मराठी वाचता येत नाही, आपण दोघी मराठी शाळेतल्या. त्यामुळे मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

लिहायचं कारण सांगते. काल मी माकूल बघितली. जिवंत.

वरच्या मजल्यावर साधना म्हणून एक पुण्याची बाई राहायला आली आहे. तिचा नवरा राजन रुवैसला रिफायनरीत असतो, सुट्टीला येतो. एकटीला घर खायला उठतं, म्हणून ती गाडी काढते आणि मला नि नबिलाला खोरफक्कानला नेते. नबिलाने बाबाला शब्द दिलाय की पाण्यात जाणार नाही. ती शब्द पाळते, वाळूत बसते. साधना छत्रीखाली बसून शेंगा सोलते. आणि मी तू घेऊन दिलेला तो अंगभर सूट घालून, मास्क चढवून पाण्यात उतरते. गळ्यात नबिलासाठी तू ठेवून गेलेला लाल कॅमेरा.

रत्नागिरीला मी आयुष्यभर माकूल साफ केली. शाईची पिशवी काढ, पाठीचं हाड काढ, साल ओढ, तुकडे कर. माझ्या लेखी ती पांढरी, निसरडी, मेलेलीच वस्तू. काल खडकाजवळ एक तरंगत होती. अंगावरून तपकिरी पट्टे सरकत होते, कुणी आतून दिवा फिरवावा तसे. मी जवळ गेले तर लालसर झाली. माझ्याकडे बघत होती. खरंच बघत होती, हिबा! मी कॅमेरा घेऊन मागे लागले आणि ती गेली. फोटोत नुसती वाळू आली.

नबिलाने फोटो बघितला नि डोक्याला हात लावला. "दादी, यू चेज्ड इट! डोन्ट चेस. स्टे स्टिल, लेट इट कम टु यू. दॅट्स व्हॉट मम्मा डझ."

घरी येताना गाडीत मला तुझी फार आठवण आली. समुद्राकाठी जन्मले, समुद्राकाठी नांदले, पण घोट्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. बायकांनी किनाऱ्यावर मासळी निवडायची, पाणी पुरुषांचं. तुझ्या सासऱ्यांची, गनींची सगळी कमाई समुद्रापलीकडची, पण तेही कधी पाण्यात उतरले नाहीत. आणि तू मला या वयात खोरफक्कानच्या उथळ पाण्यात निजवलंस. पाठीखाली तुझा हात होता. "अम्मी, घाबरलात तर पोहायचं नाही. पाठीवर पडायचं, हात पसरायचे, श्वास घ्यायचा. समुद्र तुम्हाला धरतो." मी म्हटलं होतं, समुद्र धरतो म्हणूनच तर भीती वाटते. तू किती हसलीस.

तेव्हा शुक्रिया म्हणायचं राहिलं. आता म्हणते. दुसरं काही कारण नाही.

अम्मी


अल कुसैस
८ जानेवारी २०२५

हिबा बेटा,

तुझं उत्तर मी किचनमध्ये उभ्याने वाचलं. मग बसून परत वाचलं. "अम्मी" असंच लिहिलंस, त्याबद्दल अल्लाह तुला खूश ठेवो.

तू पाठवलेले फोटो नबिलाने टीव्हीवर मोठे करून दाखवले. तो आठ पायांचा प्राणी, जो शिंपल्यांचं कुंपण घालून बिळात बसलाय, त्याचा फोटो मला सगळ्यांत आवडला. तू लिहितेस की तिथलं पाणी काचेसारखं, पण मासा कमी. इथे उलटं आहे. पाणी कधीकधी पातळ ताकासारखं गढूळ असतं, पण मासळी अशी की मी मासळीबाजारातच उभी आहे असं वाटावं. परवा एक थोराड हेकरू मासा माझ्यासमोर तोंड उघडून उभा राहिला. एक बारका मासा त्याच्या तोंडात शिरून दात साफ करत होता. मी हलले नाही. फोटो बरा आला आहे, सोबत पाठवते. नबिला म्हणाली, "नॉट बॅड, दादी." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नबिलाला तुझ्याकडे पाठवावं, हे तू अर्सलानलाही कळवलंस. त्याने काय उत्तर दिलं ते तुला माहीत आहे. घरात काय झालं ते मी सांगते.

नबिलाने विचारलं, "बाबा, व्हाय नॉट?"

तो म्हणाला, "तुझी मम्मी तुला पाण्याखाली नेणार. मी इथे ऑफिसात बसून काय करू?"

"शी'ज अ‍ॅन इन्स्ट्रक्टर, बाबा!"

"खलास, नबिला. विषय संपला."

ती खोलीत गेली, दार आपटलं. त्याने भरलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

तो तुझ्यावर राग काढतोय असं तुला वाटत असेल. त्याने तुला रफिकबद्दल कधी नीट सांगितलं का, मला शंका आहे. रफिक माझा धाकटा भाऊ. अर्सलानचा लाडका मामा. पट्टीचा पोहणारा होता. आमच्या खाडीच्या मुखाशी होडी उलटली तेव्हा अर्सलान लहान होता, काठावर उभा होता. मामा किनाऱ्याकडे पोहतोय, पोहतोय आणि पाण्याची ओढ त्याला मागे नेतेय, हे त्याने बघितलं. त्यानंतर तो पाण्यात पाय घालत नाही. तू दर सुट्टीला डायव्हिंगला जायचीस तेव्हा तू परत येईपर्यंत हा बाल्कनीत उभा असायचा. मला दिसायचं. तुला ते बंधन वाटलं असेल, आणि होतंही ते बंधन. पण त्यामागे काय आहे ते तुला कळावं म्हणून लिहिते. तुमचं मोडलेलं जोडायला नाही.

मी पाण्यात उतरते हे त्याला माहीत नाही. त्याला वाटतं अम्मी साधनाबरोबर हवा खायला जाते.

इन्शाल्ला काहीतरी मार्ग निघेल. मी बघते.

अम्मी


अल कुसैस
१८ फेब्रुवारी २०२५

हिबा बेटा,

थोडक्यात लिहिते. सर्दी-खोकला आहे. कोपर जरा खरचटलंय, जिन्यात पडले. समुद्रावर सध्या जात नाही. रमझान तोंडावर आला आहे, घरात आवराआवर चालू आहे.

सुट्टीचा विषय सध्या अर्सलानकडे काढू नकोस. नबिलालाही सांग.

साधना रोज खाली येऊन बसते आणि मला चहासुद्धा करू देत नाही. चांगली बाई आहे.

कॅमेरा शाबूत आहे.

अम्मी


अल कुसैस
२६ फेब्रुवारी २०२५

हिबा बेटा,

तू लिहिलंस, "अम्मी, आपल्या बिल्डिंगचा जिना कुणी वापरत नाही. तुमच्या गुडघ्याला तर लिफ्टसुद्धा हळू वाटते. खरं सांगा." बरोबर पकडलंस. खरं सांगते.

त्या शनिवारी पाणी छान स्वच्छ होतं. मी खडकाच्या बेटाच्या बाजूने चालले होते. एक कासव दिसलं, ताटाएवढं. वल्ह्यासारख्या डाव्या पंखाला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला होता, हिरव्या नायलॉनचा, मांसात रुतलेला. ते पंख हलवायचं आणि जाळं मागे फरफटायचं. मी चार फोटो काढले. मग वाटलं, अजून जवळून काढावा, म्हणजे कुणाला दाखवता येईल. तू शिकवलंस की एकटीने बेटाच्या मागे जायचं नाही. मी गेले.

मागे ओढ होती. वर मान काढली तेव्हा किनारा भलतीकडेच. साधनाची पिवळी छत्री नखाएवढी. मी पाय मारले, जोरात मारले आणि छत्री आणखी लहान झाली. मास्कमध्ये पाणी शिरलं, तोंडात गेलं. त्या क्षणी मला रफिक दिसला. तो काय करत होता ते कळलं. जे मी करत होते तेच.

मग तुझं बोलणं आठवलं. तुझ्या आवाजातच आठवलं, "अम्मी, पोहायचं नाही." मास्क कपाळावर सारला, पाठीवर पडले, हात पसरले. कान पाण्यात गेले तसा सगळा आवाज बंद झाला. श्वास घेतला. कलमा म्हटला. परत श्वास घेतला. लाट यायची, मला उचलायची, खाली ठेवायची. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ओढीने मला बेटाला वळसा घालून पलीकडे नेलं आणि तिथे सोडून दिलं. तिथे एक नवरा-बायको भाड्याची छोटी होडी वल्हवत होते, हैदराबादचे. बाई किंचाळली, तिला वाटलं मी गेलेली. मी म्हटलं, "बेटा, जिंदा हूँ. रस्सी दे दो." खडकावर कोपर घासलं ते दोरी पकडताना.

इकडे साधनाने घाबरून अर्सलानला फोन केला होता. तो हमरियाला कंपनीत होता, सुट्टीच्या दिवशीही काम काढून बसलेला. होडी किनाऱ्याला येईपर्यंत वेळ लागला, ते दोघे नवशिके, नुसते गोल फिरत होते. आम्ही जवळ आलो तेव्हा अर्सलान पोचलेला होता. हिबा, तो पाण्यात होता. ऑफिसचे बूट, ऑफिसची पँट, कमरेपर्यंत पाण्यात. नबिला काठावरून ओरडत होती, "बाबा, शी'ज ओके, शी'ज ओके!" आणि तो पुढेच येत होता. त्याने मला होडीतून उचललं, लहान मुलाला उचलतात तसं. त्याचे ओठ निळे पडले होते. माझे नाही.

घरी आल्यावर माझ्या कोपराला औषध लावता लावता म्हणाला, "तू पाण्यात जातेस. कधीपासून?"

"हिबाने शिकवलं तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू जाऊ दिलं नसतंस."

"बघितलंस ना काय झालं?"

मी म्हटलं, "बघितलं. तू पण नीट बघ. रफिकमामा माझ्यापेक्षा शंभरपट चांगला पोहायचा. तो पोहून पोहून दमला, अर्सलान. पोहायचं थांबव, असं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. आज मी तुझ्यासमोर बसले आहे ती हिबामुळे."

त्याने कापसाचा बोळा खाली ठेवला आणि उठून बाल्कनीत गेला. त्यानंतर घरात तो विषय नाही. म्हणून तुला जिन्याची थाप मारली, नबिलालाही तुला काही सांगू नकोस म्हटलं. मला वाटलं, हे कळलं तर तू घाबरशील आणि नबिलाचा हट्ट सोडून देशील. सोडू नकोस.

आणि माझा जीव तू वाचवलास, एवढ्या लांबून. याला शुक्रिया हा शब्द पुरत नाही. पण दुसरा मला येत नाही.

अम्मी


अल कुसैस
२० एप्रिल २०२५

हिबा बेटा,

ईदला तू पाठवलेला मेसेज अर्सलानने स्वतः मला वाचून दाखवला. खोटं नाही सांगत.

आधी कासवाचं. नबिलाने माझे फोटो तुझ्या जुन्या डायव्हिंगच्या लोकांना पाठवले होते. जागा कळल्यावर ते दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा सापडलं. जाळं कापलं, पण पंख कामातून गेला होता, तो काढावा लागला. आता टाकीत आहे, तीन पंखांवर पोहायला शिकतंय. नबिला त्याचे व्हिडिओ शाळेत सगळ्यांना दाखवत फिरते. "माय दादी फाउंड हर." कासव मादी आहे हे मला तेव्हाच कळलं.

आता दुसरं, मोठं. ईदच्या नंतरच्या रविवारी सकाळी अर्सलान माझ्या दारात येऊन उभा राहिला. अंगात बनियन, खाली नवीन चड्डी, प्राइस टॅग लोंबतोय. पंचेचाळीस दिरहम, म्हणजे हजाराच्या वर रुपये. म्हणाला, "अम्मी, गच्चीवरच्या पूलमध्ये आता कुणी नसतं. मला दाखव."

"काय दाखवू?"

"ते. पाठीवर पडायचं."

मी कपाटातून सूट काढला. बोलले असते तर तो परत गेला असता. सूट घातला आणि लिफ्टने वर गेलो.

पायरीवर तो बराच वेळ उभा राहिला. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा कठडा धरला तो सोडेना. एवढा मोठा माणूस, दाढीत पांढरं आलेला, आणि बोटं अशी घट्ट की नखं पांढरी. मी त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. म्हटलं, "डोकं मागे टाक. कान भिजू दे." तो म्हणाला, "कान नको." मी म्हटलं, "कान भिजल्याशिवाय होत नाही." त्याने डोळे मिटले. आधी अंग लाकडासारखं, मग हळूहळू सैल पडलं. शेवटचा मी त्याला असा हातावर घेतला तेव्हा तो बाळ होता, न्हाऊ घालताना. मी एक हात काढला. मग दुसऱ्याची दोनच बोटं ठेवली. मग तीही काढली. त्याला कळलं नाही. तो तरंगत होता, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

उभा राहिल्यावर पहिलं वाक्य काय बोलला सांगू? "मामाला एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

मग आम्ही दोघं कठड्यावर बसून रडलो. रफिकसाठी असे एकत्र आम्ही कधी रडलो नव्हतो. खाली उतरताना लिफ्टमध्ये तो म्हणाला, "नबिलाला जाऊ दे. पण तू बरोबर जायचंस. आणि हिबाला सांग, मला रोज फोन हवा. डायव्हिंगच्या आधी आणि नंतर." मी म्हटलं, तूच सांग. त्याने सांगितलं असेलच. तू रडत असशील तर पुरे कर आता. माझ्या व्हिसाचं बघ, तुझ्या घरी जास्तीची गादी आहे का तेही कळव.

अम्मी


माल्टा
१० जुलै २०२५

अर्सलान बेटा,

फोनवर तू "सगळं ठीक ना" एवढंच विचारतोस आणि आम्ही "ठीक" म्हणतो. म्हणून यावेळी तुला लिहिते. मराठी वाचायची सवय मोडली असेल तर सावकाश वाच.

हिबाचं घर चढावर आहे, दोन खोल्यांचं. खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते. खाली मासळीवाल्याकडे गेले तर तो "वाहेद, त्नेन, त्लिता" असं मोजत होता. मी चमकले. अरबीच की, थोडी वाकडी. मी "हबीबी" म्हटलं तर हसला आणि एक बांगडा वर टाकला. ओल्या खोबऱ्याशिवाय कालवण काय होणार, पण हिबाने मागून मागून दोनदा खाल्लं.

ती बारीक झाली आहे. उन्हाने रापली आहे. पहाटे उठते, पर्यटकांना नेते, संध्याकाळी फोटो बघत बसते. आमच्यात अवघडलेपण होतं, पहिल्या दिवशी. दोघींनी एकदमच "राहू दे, मी करते" म्हटलं, आणि मग ठीक झालं. तिने तुझं विचारलं. मी पूलचं सगळं सांगितलं, चड्डीच्या टॅगसकट. ती हसली नाही. म्हणाली, "तो स्वतःहून उतरला, अम्मी? खरंच?" मग बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत राहिली. तुमचं जे संपलं ते संपलं, हे मी ओळखून आहे. पण तुझं नाव आता या घरात कडू नाही, एवढं तुला कळायला हवं.

आज नबिला पहिल्यांदा खाली गेली. तू सकाळी तिच्याशी फोनवर बोललास ना, "गो, बेटा, एन्जॉय" म्हणालास. फोन ठेवल्यावर तिचे डोळे भरले होते. ते तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

मी वर तरंगत होते. पाणी गार, आणि इतकं स्वच्छ की तळातलं गवत वाऱ्यात हलणाऱ्या शेतासारखं दिसत होतं. त्या गवतावर मायलेकी उतरल्या, हातात हात. काळ्या बारक्या माशांचा थवा त्यांच्याभोवती फिरला. हिबाने आपला मोठा कॅमेरा नबिलाच्या हातात दिला आणि स्वतः मागे सरकली. नबिला गुडघे पोटाशी घेऊन थांबली. अजिबात हलली नाही. किती वेळ त्या माशांची वाट बघत होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वेणी वर तरंगताना दिसत होती. शाळेत पाच मिनिटं एका जागी बसत नाही, अशी तक्रार येते ना? तीच मुलगी.

मी सारखी मनात म्हणत होते, अल्लाह, हे अर्सलानला दिसायला हवं होतं. तू तिला पाठवलंस म्हणून हे झालं. मला या वयात हे बघायला मिळालं ते तुझ्यामुळे. हिबाचे आभार मी मानले, पाच-सहा कागद भरून. तुझे मानायचे राहिले होते.

ती खाली श्वास सोडत होती आणि तिच्या श्वासाचे बुडबुडे वर येत होते, चांदीच्या टिकल्यांसारखे, हळूहळू मोठे होत. मी तोंड खाली करून तिथेच पडून राहिले. एकेक येऊन माझ्या गालावर, हनुवटीवर फुटत होता. गुदगुल्या होत होत्या. तुझी मुलगी खाली श्वास घेतेय, नीट घेतेय, हे मला दर वेळी गालावर कळत होतं.

तुझी अम्मी